दूध पुरत नाही, असं कोण म्हणतं?

बाळंतपणाच्या वॉर्डात पहिल्या दोन दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "हिला दूधच येईना गं." बोलणारी सहसा बाळंतीण नसते. तिची आई असते, सासू असते, भेटायला आलेली चुलत जाऊ असते, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या बाईसोबत आलेली कुणीतरी. बाळंतीण थकलेली असते, टाक्यांनी कळवळत असते आणि सगळं ऐकत असते. संध्याकाळपर्यंत बाळाचा बाप खाली मेडिकलवर जाऊन पावडरचा डबा घेऊन येतो. लेकराला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध मिळणार की नाही, हे बऱ्याच घरांत तिथंच ठरून जातं आणि ठरवणाऱ्यांत आई नसते.

नियम सगळ्यांना पाठ आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी लावायचं, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीही नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध, व्हिटॅमिनचे थेंब आणि गरज पडली तर ओआरएस एवढंच चालतं. पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजत राहायचं. अंगणवाडीच्या भिंतीवर हे रंगवलेलं असतं, माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेलं असतं. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी 63.7 टक्के बाळंच निव्वळ आईच्या दुधावर असल्याचं दिसलं. त्याच सर्वेक्षणातले आणखी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तासाभरात छातीशी लागणारी बाळं 41.8 टक्केच आहेत. म्हणजे डॉक्टर, नर्स आणि भिंतीवरचं पोस्टर हाताच्या अंतरावर असतानाही तो पहिला तास हुकतो. माहितीची टंचाई एवढं एकच कारण सांगून हे सुटत नाही.

पहिल्या तीन दिवसांत नेमकं काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं असतं.

बाळंत झाल्यावर येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, थेंबाथेंबाने येणारा. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं ते पाच-सात मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा भरून थोडंसं वर. चीक तेवढाच येतो आणि तेवढाच पुरतो. रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. भरून येणारं पांढरं दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. सिझर झालेल्या बाईला आणखी एखादा दिवस लागू शकतो. पण बघणाऱ्यांना धार हवी असते. ती दिसली नाही की दूध नाही, असा निकाल लागतो. मग बाटलीने तीस मिलिलिटर पावडरचं दूध पोटात जातं, ते पचायला जड असतं, बाळ तीन-चार तास गाढ झोपतं आणि घरच्यांना वाटतं, बघा, उपाशीच होतं बिचारं. त्या तीन-चार तासांत बाळ छातीशी लागत नाही. दूध बनवण्याचा निरोप शरीराला जातो तो बाळाच्या ओढण्यातून. तो निरोपच गेला नाही की दूध उशिरा उतरतं, कमी उतरतं. पहिल्या दिवशी खोटं असलेलं वाक्य पाचव्या दिवशी खरं होऊन बसतं. ही साखळी घरच्या माणसांना कुणीतरी बसून समजावून सांगितली पाहिजे, आणि तीही बाळंतपणाच्या आधी, सातव्या-आठव्या महिन्यात. वॉर्डातल्या गडबडीत ती कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

महाराष्ट्रात आता साधारण चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरमध्ये आई जागी असते. टाके घालून तिला बाहेर आणल्यावर, ती सपाट झोपलेली असतानाच, बाळ तिच्या छातीवर आडवं ठेवून लावता येतं. बाळाचं अंग उघडं, आईची छाती उघडी, वरून दोघांवर पांघरूण. टाक्यांवर भार पडू नये म्हणून पुढे कुशीवर झोपून पाजावं, किंवा बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असं बगलेत धरावं. सिझरनंतर नेहमी दिली जाणारी वेदनाशामकं आणि अँटिबायोटिक्स पाजणाऱ्या आईला चालतात. "गुंगी उतरू द्या, मग बघू" म्हणत बाळ आजीच्या मांडीवर सहा-सात तास ठेवायला वैद्यकीय कारण क्वचितच असतं. एकटी बाई मात्र हे करू शकत नाही. बाळ उचलून लावायला, धरायला, काढून घ्यायला कुणीतरी लागतं. रात्रपाळीला एकच सिस्टर आणि खाटा तीस असतील तर ते काम सोबतच्या नातेवाईक बाईलाच शिकवलेलं बरं.

लावणं म्हणजे बाळाचं तोंड स्तनाग्रावर टेकवणं नव्हे. तिथंच निम्म्या बायकांचं दुखणं सुरू होतं. बाळाचं डोकं, मान, पाठ एका रेषेत हवी, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं. आईने वाकून बाळाकडे जायचं नाही, बाळाला वर आणायचं. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला हलकं लावलं की ते जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडतं. त्या क्षणी त्याला जवळ ओढायचं. नीट लागलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर मुडपलेला असतो, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूला कमी, वरच्या बाजूला जास्त दिसतो. गालाला खळ्या पडत असतील, चुटचुट आवाज येत असेल, तर लागलेलं नाही. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. ओढून काढलं की चिरा पडतात. चिरा पडल्याच तर पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब चोळून वारा लागू द्यावा, साबण लावू नये. मलमाच्या ट्यूबा संपवूनही चिरा भरत नाहीत, त्याचं कारण लावण्याची पद्धत तीच राहते.

बोंडं आत असणाऱ्या बाईला तर पहिल्याच दिवशी "हिचं बाळ पिणारच नाही" असं ऐकवलं जातं. त्यावर दहा-पंधरा रुपयांचा उपाय आहे. वीस मिलिलिटरची नवी सिरिंज घ्यायची, सुई लावण्याकडचं टोक ब्लेडने कापायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने आत सरकवायचा. दुसरी गुळगुळीत कडा बोंडाभोवती टेकवून दट्ट्या हळूच मागे ओढायचा आणि अर्धा-एक मिनिट धरून ठेवायचा. दर वेळी पाजण्याआधी असं केलं की बोंड वर येतं आणि बाळाला धरता येतं. खरबरीत कापलेली बाजू चुकून अंगाला लावली तर जखम होते, म्हणून सिरिंज दट्ट्या उलटा घालूनच आईच्या हातात द्यावी. आणि बाळ ओढतं ते स्तनाग्र नव्हेच, त्यामागचा काळा भाग. त्यामुळे सपाट बोंडांवरही बाळं व्यवस्थित वाढतात.

आता ते पुरण्याचं. दूध पुरतं की नाही हे छातीच्या आकारावरून कळत नाही, रडण्यावरूनही कळत नाही. पिळल्यावर किती निघालं यावरून तर मुळीच नाही, कारण बाळाइतकं हाताला काढता येत नाही. ते कळतं लंगोटांवरून आणि वजनावरून. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, लघवीला रंग नसेल, तर दूध पुरतंय. डायपरमध्ये हा हिशेब बुडतो, म्हणून पहिले काही आठवडे कापडी लंगोट बरे. शी चौथ्या-पाचव्या दिवशी काळीची पिवळी होते. पुढे अंगावर पिणारं बाळ दिवसात आठ-दहा वेळा पातळ पिवळी करेल किंवा तीन-चार दिवस करणारही नाही; दोन्ही ठीक. आठ-दहा वेळा झाली की "हगवण लागली, दूध बाधलं" म्हणून पाजणं थांबवतात, हा शुद्ध अन्याय आहे. वजनाचं म्हणाल तर पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट होते, दोन आठवड्यांच्या आसपास ते भरून निघतं, आणि त्यानंतर महिन्याला किमान अर्धा किलो वाढ हवी. घट त्याहून जास्त असेल, बाळ पेंगुळलेलं असेल, लघवी कमी असेल, तर मात्र घरी वाट पाहू नये, दवाखाना गाठावा.

दोन-तीन आठवड्यांचं, मग दीड महिन्याचं, मग तीन महिन्यांचं झाल्यावर बाळ अचानक तासातासाला मागायला लागतं. संध्याकाळी तर सोडतच नाही. त्याच सुमारास आईची छाती मऊ पडते, आधीसारखी ताठत नाही. घरात म्हणतात, दूध आटलं. आटलेलं नसतं, शरीराला बाळाच्या मागणीचा अंदाज आलेला असतो आणि वाढीच्या झपाट्यात बाळ ती मागणी वाढवत असतं. मागेल तसं पाजलं तर दोन-तीन दिवसांत दूध वाढतं. वरचं सुरू केलं तर ते वाढायचं राहून जातं.

हा दीड महिन्याचा टप्पा आपल्याकडे फार वाईट वेळेला येतो. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाळंतीण खोलीत, शेक-शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा. तिला उठू देत नाहीत, बाळ कुशीत असतं, दूध उत्तम चालतं. या सव्वा महिन्यातल्या काही गोष्टींना डॉक्टर नाकं मुरडतात, पण विश्रांती आणि बाळाशी अखंड जवळीक ही दुधाची खरी खुराक आहे. (बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत मात्र सोडलीच पाहिजे, तहान लागेल तेवढं पाणी तिला हवंच.) पुढे ती सासरी जाते. तिथं पहाटेचं पाणी भरणं, भाकरी, धुणं, पाहुणे. बाळ पाळण्यात, आई चुलीपाशी. आशाताईच्या घरभेटी दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या आहेत. त्यापुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात, तीही सासरच्या गावच्या दुसऱ्या आशाताईची. नेमक्या मधल्या दिवसांत आईला शंका येते आणि विचारायला कुणी नसतं. यावर हाताशी असलेला मार्ग म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. त्या दिवशी सिस्टरकडून बाळाचं वजन करून कार्डावर लिहून घ्यावं आणि सासूला ते वाचून दाखवावं. "चार किलो आठशे" हा आकडा घरात तासभर केलेल्या उपदेशापेक्षा जास्त काम करतो.

सासू, आजी ही या गोष्टीतली खलनायिका नव्हे. तिने पाच-सहा लेकरं वाढवलेली असतात, त्यातलं एखादं गेलेलंही असतं. मधाचं बोट चाटवणं, सहाणेवर हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग उगाळून गुटी देणं हा तिचा हक्क आणि तिचा जीव आहे. ते सरळ तोडून टाकलं की ती दुखावते आणि गुटी लपून चालू राहते. पण सांगावं लागतंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमचा धोका असतो, त्यात हातपाय लुळे पडतात, श्वास अडतो. गुटीत प्रत्येक वेळी किती वेढे उगाळले जातात याला माप नाही, आणि सहाण, पाणी, बोट यांच्यासोबत जंतू जातात ते वेगळेच. तिला दुसरं काम द्यावं, मोलाचं काम. मालिश, अंघोळ, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सून पाजायला बसली की स्वयंपाकघर सांभाळणं. पटलेली सासू असेल त्या घरात डबा येत नाही, हे कुणीही अनुभवी सिस्टर सांगेल. अठरा-एकोणीस वर्षांची पहिलटकरीण एकटी त्या डब्याला अडवू शकत नाही. आणि आपल्या मराठवाड्यात लवकर लग्नं होतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात पाण्याचा मुद्दा निघतोच. चैत्र-वैशाखात लातूर, परभणी, नांदेडला पारा चाळिशी ओलांडतो. "घसा वाळला असंल लेकराचा, दोन चमचे पाणी पाज की." आईच्या दुधात 88 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दूध यायला लागतं ते आधी पातळ, तहान भागवणारं. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं, वारंवार पितं, ते त्यासाठीच. पाणी पाजलं की इवलं पोट भरतं, दूध कमी प्यायलं जातं, आणि पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसेल तर जुलाब सुरू होतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट पाहत ड्रममध्ये आठवडाभर साठवलेलं पाणी ज्या घरात असतं, तिथं पावडरचं दूध सुरू करणं म्हणजे रोज पाणी उकळणं, बाटली उकळणं, तिचं रबरी बोंड उकळणं. यातलं एक दिवसाआड सुटतंच. तीन महिन्यांच्या बाळाला पूर्ण पावडरवर ठेवलं तर चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम तीन-चार दिवस जातो. मग डबा पुरवायला पाणी वाढतं, पावडर घटते, बाटली भरलेली दिसते आणि बाळ सुकतं. म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घालण्याची गोष्टही तीच.

पावडरच्या डब्यांची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यातून वाटप, हे सगळं 1992 च्या कायद्याने बंद आहे. 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या सगळ्या आहाराला ते लागू झालं. तरी बाळ दोन दिवसांचं असताना चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहिलं गेलं, तर बापाने एक प्रश्न विचारावा: कशासाठी? बाळाची साखर घसरली आहे, त्याचं वजन फार कमी आहे, आईला पाजता येणार नाही असा आजार आहे, असं कारण असेल तर ते लिहून मिळेल. आधी आईचं काढलेलं दूध, ते नसेल तर जवळ दूधपेढी (इतर आयांनी दिलेलं दूध साठवण्याची सोय) असल्यास तिथलं दूध, आणि मग पावडर, हा क्रम आहे. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईला सर्दी, ताप, जुलाब असणं हे पाजणं बंद करायचं कारण नव्हे. छातीत गाठ येऊन लाल झाली, ताप आला, तरी त्या बाजूने दूध काढत राहायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. पाजणं थांबवलं की गाठ पिकते.

आणि मग काम. नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा 2017 पासून मिळते, कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते. मराठवाड्यातल्या किती बायकांना हे लागू आहे? सोयाबीन काढणीचं गुत्तं, कापसाची किलोवर वेचणी, यात रजा नावाची गोष्ट नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे 5,000 रुपये सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये पडतात. तेवढ्यावर घरी बसा म्हणणं शहाणपणाचं नाही. दुसरी मुलगी झालेल्या बाईवर तर पुढच्या बाळंतपणाची घाईही असते. तिथं हे सांगून पाहावं की बाळ सहा महिन्यांच्या आत आहे, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र निव्वळ अंगावरच पाजणं चालू आहे, या तिन्ही अटी असतील तोवर दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते.

कामाला जाणाऱ्या आईला दूध काढून ठेवता येतं. साबणाने हात धुवायचे, रुंद तोंडाची स्टीलची वाटी उकळून घ्यायची. अंगठा वर, तर्जनी खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी बोटं छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबायची, मग एकमेकांकडे, मग सोडायची. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. पहिलं मिनिटभर काही येत नाही, तिथंच बायका सोडून देतात. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी, आलटून पालटून वीस ते तीस मिनिटं. झाकण लावून पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास राहतं. आपल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीला हा नियम लागू नाही. तिथं लगेच पाजावं किंवा फ्रिजमध्ये, दारात नको, आत मागे ठेवून दिवसभरात संपवावं. वर साय आली तर नासलं समजू नये, हलवून घ्यावं. गॅसवर तापवू नये, गरम पाण्यात वाटी ठेवावी. पाजायला वाटी-चमचा किंवा जुन्या घरांतलं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं); बाटली नको, कारण बाटलीची सवय लागलेलं बाळ छातीशी नखरे करतं.

ऊसतोडीला यातलं फारसं काही जमत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, परत येतात त्या मार्च-एप्रिलमध्ये. नवराबायको मिळून एक कोयता. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. टनावर पैसे, त्यातून मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, खाडा झाला की दंड. तान्हं लेकरू फडाच्या कडेला झोळीत आणि जवळ सहा-सात वर्षांची बहीण. इथं निव्वळ स्तनपानाचं पोस्टर लावून उपयोग नाही. दूध टिकवण्यापुरतं मात्र करता येतं: पहाटे निघण्याआधी एकदा पोटभर, फडात मोळी बांधायच्या वेळी बसून एकदा, आणि रात्रभर कुशीत. रात्री दुधाचं संप्रेरक जास्त स्रवतं, त्यामुळे दिवसा एखाद-दुसरी वेळ हुकली तरी रात्रीच्या पाजण्यावर दूध धरून राहतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करायची तरतूद होती. टोळीतही हे होऊ शकतं. एका वयस्क बाईने तान्ही लेकरं सांभाळायची, तिचा वाटा सगळ्या कोयत्यांनी मिळून द्यायचा, आणि तिने कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांपाशी, न थांबता फडाच्या बांधावर बसायचं, म्हणजे हाक मारली की आई पाच मिनिटांत येईल. पाजण्याचा वेळ खाड्यात धरणार नाही, हे मुकादमाकडून उचल घेतानाच वदवून घ्यायचं; फड चालू झाल्यावर तो ऐकत नाही.